करंगळीतली अंगठी

गाजराला घातलेली पितळेची अंगठी कापता कापता करवतीचं पातं पुन्हा मोडलं. नवरा काहीतरी पुटपुटला आणि त्यानं दुसरं पातं लावायला घेतलं. ती ओट्याशी उभी राहून बघत होती. टोपलीतलं एकही गाजर धड उरलं नव्हतं, सगळ्यांवर ओरखडे. आठवडाभर दोघं गाजराचीच भाजी खात होती.

"अहो, सोनाराकडे जाऊ या," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"रविवारपर्यंत थांब."

"हे तुम्ही गेल्या रविवारीही म्हणालात."

तिच्या बोटाचा सांधा सुजला होता आणि अंगठी त्याच्यामागे अडकून बसली होती. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. पुढच्या वेळी येताना अंगठी बोटात नको, नाहीतर बोटाचं काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोनारानं तर कटर हातात घेतलाही होता. "कुठून कापणार?" नवऱ्यानं विचारलं. "कुठूनही," सोनार म्हणाला. झालं. नवऱ्यानं तिला दंडाला धरून दुकानाबाहेर आणलं आणि दुसऱ्या दिवशी, हातानं दागिने घडवायला शिकवतात त्या क्लासला नाव घातलं. बँकेत नोटा मोजण्यात जन्म गेलेला माणूस. भिंतीत साधा खिळा त्याला कधी सरळ ठोकता आला नव्हता.

"ह्यांना छंद लागलाय," असं ती शेजारीपाजारी सांगायची, आणि सांगताना तिची तिलाच लाज वाटायची.

क्लासच्या मॅडमही टेकीला आल्या होत्या. त्यांनी एकदा फोनच केला. "काकू, बाकीचे सगळे पेंडंट करतात, झुमके करतात. काका नुसत्या अंगठ्या कापतात आणि जोडतात. मी समजावून थकले."

"तुम्ही महिन्यात थकलात," ती म्हणाली. "माझा विचार करा."

कहर म्हणजे, त्यानं स्वतःची लग्नातली अंगठीही कापली. कापली, जोडली, आणि ती इतकी लहान होऊन बसली की करंगळीतच जायची. त्या दिवशी तिनं हातातलं पातेलं आपटलं.

"सरावाला सोनं? पितळ काय महाग झालं होतं?"

"जरा अंदाज घेतला," तो म्हणाला.

रागानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट ठणकत होतं, डॉक्टरांची तारीख तोंडावर आली होती आणि हा माणूस अंदाज घेत होता. आपली अंगठी तिनं कधी काढली नव्हती, आणि त्यानंही कधी काढ म्हटलं नव्हतं. आता काढायची वेळ आली, तर ह्याच्या हातात करवत.

रविवारी सकाळी त्यानं टेबल खिडकीशी ओढलं. तिचा हात उशीवर ठेवला. अंगठी आणि कातडी यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी हळूच सरकवली.

"लागलं तर सांग."

"लागणारच आहे. गाजरं पाहिलीत मी."

त्यानं पातं अंगठीवर टेकवलं आणि उचललं.

"आतलं नाव कुठल्या बाजूला आहे?"

त्या नावाबद्दल इतक्या वर्षांत त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. लग्नाआधी तिनं एकदाच सांगितलं होतं. तो विसरला असेल, असंच ती धरून चालली होती.

"तळहाताकडे," ती म्हणाली.

"मग वरून कापतो. सोनाराला काय, कुठूनही चाललं असतं."

पातं मोडलं नाही. अंगठी निघाली, बोटावर पांढरा खळगा राहिला. ओरखडा एकही नव्हता. त्यानं अंगठी उजेडात धरली आणि आतली तीन अक्षरं पहिल्यांदाच वाचली. तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव होतं ते. लग्नानंतर वर्षभरातच गेला होता तो.

"अक्षरांना धक्का नाही," तो म्हणाला. "आता ही थोडी मोठी करून जोडतो. सूज उतरली की परत घालता येईल. मधे तेवढी भर घालायला लागेल."

"भर कशाची?" तिनं विचारलं.

त्यानं खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत सोन्याचा एक बारीक तुकडा होता, त्याच्या स्वतःच्या अंगठीतून कापून ठेवलेला.