सान्ताल्बाचा तीन पायांचा कुत्रा

"विचार की रे हाशिम, ते गाव बघून आलेला मोहल्ल्यात तूच एकटा," फखरुद्दीनशेठ आतल्या खोलीत भावाला दबक्या आवाजात म्हणाले. "पोरगा खरंच तिथल्या कारखान्यात असला, तर येत्या जुम्म्याला निकाह. नसला, तर चहा पाजून रवाना."

"जाऊ दे ना, भाई. त्रेसष्ट सालची गोष्ट ती. पंचवीस वर्षं झाली," हाशिमचाचा म्हणाले.

साजिदाला हसू आलं. चाचा जुने खलाशी. इटलीतलं ते सान्ताल्बा गाव सांगायला बसले, की मागच्या शेडमधल्या लूमचा खडखडाटही त्यांना ऐकू येत नसे. ओट्यावर निम्मी गल्ली जमायची. साजिदा तर त्या गावात राहिल्यासारखीच वाढली. आणि आता कशेळीची खाडीसुद्धा फारशी न ओलांडलेली ती, तिथंच नांदायला जाणार होती! कधी एकदा तो चौक बघते असं तिला झालं होतं. लाडकी पुतणी दूर जाणार म्हणून चाचा कुरकुरतायत, दुसरं काय.

शेवटी ते बाहेर आले. साजिदाला मागणी घालायला आलेला यूनुस अगदी ऐसपैस बसला होता. त्याचं आजोळ ह्याच गल्लीतलं; लहानपणी सुट्टीत तो इथंच असायचा. साजिदा पडद्याआड उभी राहिली.

"चौकात काय आहे?" चाचांनी विचारलं.

"कारंजं. दगडी घोड्याच्या तोंडातून पाणी पडतं."

"आणि घड्याळ?"

"चर्चचं? दहा मिनिटं मागं. सगळं गाव त्याच्यावरच चालतं, चाचा. कुणी दुरुस्त करत नाही."

बरोब्बर! साजिदाने ओढणी दाताखाली धरली.

चाचा पुढे सरकले. "पाववाल्या बाईचा तीन पायांचा कुत्रा?"

यूनुसने चहाचा कप खाली ठेवला. "तो मेला, चाचा. पण त्याच्या पायरीवर अजून कुणी पाय देत नाही. गिऱ्हाईक ती ओलांडून आत जातं."

चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती जीव त्या मुक्या जनावरावर! साजिदालाही गलबलून आलं. ह्या माणसाशी आपलं जमेल, असं तिला मनापासून वाटलं.

फखरुद्दीनशेठनी मिठाईचा बॉक्स उघडला. "मुबारक हो! एक पण जवाब चुकला नाही."

"म्हणूनच ह्याला पोरगी देऊ नको, भाई." चाचांची मान खाली गेली. "बोट तिथं सहा तास थांबली होती. मी खाली इंजिनात, ड्युटीवर. त्या गावात मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. घोडा, घड्याळ, कुत्रा... सगळं मी आपल्या ओट्यावर बसून रचलंय."