जुन्याकडून शिकणारा रिमोट

निश शहरातल्या त्या दुकानात मी साफ सांगितलं होतं, इंटरनेटवरून सगळं आपलं आपण उतरवून घेणारा रिमोट घेऊ. सासूबाई ऐकतील तर शपथ! "हाच घे, सेंका. हा जुन्याकडून शिकतो म्हणे."

टीव्ही, स्पीकर, प्लेअर, सगळ्यांना मिळून एकच रिमोट हवा होता. मोठ्या पडद्याचं वेड मामंजींचं. ते गेले, तरी त्यांचा रिमोट तसाच होता, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला, आमच्याकडे सगळेच गुंडाळतात तसा. काही बोलायचं असलं की ते आधी टीव्हीचा आवाज बंद करायचे, मगच तोंड उघडायचे.

दुपारी सिनेमा चालू ठेवून मी दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवले. जुन्याचं एकेक बटण दाबलं, की नव्याचा हिरवा दिवा लागायचा. म्हणजे शिकला.

"आवाज बंद करायचं बटण शिकवायचं राहिलं," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे. घरात आता गप्प कुणाला करायचंय?" मी प्लास्टिक खालून फाडलं आणि जुन्यातले सेल काढून घेतले. "झालं. हा आता कचऱ्यात."



नव्या रिमोटचा हिरवा दिवा लागला.

सेल माझ्या मुठीत होते. जुन्या रिमोटवरचं प्लास्टिक एका जागी हळूहळू आत दबत गेलं, अंगठ्याएवढं. पडद्यावरची माणसं ओठ हलवत राहिली. आवाज मात्र गेला.

सासूबाईंनी केस सारखे केले, माझ्या पाठीमागच्या खुर्चीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "बोला."