घोड्यांपाशी

प्लास्टरचा एक जबडा. वरचा. पुढचे दोन दात नाहीत.

कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यात खडूचं वर्तुळ.

चौथी खुर्ची. तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवत नाही.

"फोटो टाकला आणि लगेच काढून घेतला. म्हणजे काहीतरी शिजतंय."

हे फ्यूज म्हणाला. फ्यूज म्हणजे त्यांच्यातला वायरमन. "फोटोत आपल्या खेळाच्या कंपनीच्या चित्रकाराचं टेबल होतं, आणि त्यावर नेहमीचा वीस बाजूंचा फासाच नव्हता. नवी आवृत्ती येतेय, आणि आधी जाहीर चाचणी. लिहून घे माझ्याकडून."

"फासा टेबलाखाली पडला असेल," ती म्हणाली. ती दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवायची. नखांतलं प्लास्टर अजून निघत नव्हतं.

"हिला सगळ्यात खोट दिसते," फ्यूज चिडला.

सूत्रधार नुसता हसला. तो पडदे शिवायचा, आणि त्याच्याच दुकानामागच्या खोलीत हा खेळ कितीतरी वर्षं चालला होता. गोष्ट तो सांगायचा. बाकीचे एकेक पात्र व्हायचे. जगणं-मरणं फाशांवर. नकाशा शिंप्याच्या खडूने टेबलावरच काढायचा आणि खेळ संपला की फडक्याने पुसायचा.

नियम एकच, आणि तो पुस्तकातला नव्हता. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. कुणी आलं नाही, तर त्याचं पात्र लढत नाही, मरतही नाही. ते मागे थांबून घोडे राखतं.

तिचा दादा खेळावरून घरी जाताना पुलावर अपघातात गेला. तेव्हापासून त्याचा लंगडा भालाईत घोडे राखत होता. सगळा नकाशा पुसला जायचा, कोपऱ्यातलं घोड्यांचं वर्तुळ आणि त्यातली दादाच्या पात्राची फुली तेवढी नाही. सूत्रधार कापडही त्याच्या अलीकडूनच कापायचा.

नव्या आवृत्तीत जुनी पात्रं चालणार नव्हती. ज्याने त्याने आपलं पात्र नव्याने लिहायचं. म्हणून ती प्रत्येक अफवेवर पाणी ओतायची. चाहत्यांच्या फोरमवर जेवणाच्या सुट्टीत ती न चुकता लिहायची, "काही येत नाही. एवढ्यात तर नाहीच." एकाने विचारलंही, "बाई, तुम्हाला हा खेळ आवडतच नाही का?"

चाचणी आली. सगळ्यांसाठी खुली, फुकट.

सूत्रधाराने नवे नियम छापून आणले होते. फ्यूजचा जादूगार तयार होता. पण तिला बघून त्याने कागद उलटा ठेवला.

"दादाचं पात्र तू लिहितेस का?" सूत्रधाराने हळूच विचारलं. "या वेळेपुरता नियम मोडू."

"नियम कुणी केला होता?"

"दादानेच."

"मग?"

बाहेर शिलाई मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिने खडू उचलला आणि वर्तुळात, दादाच्या फुलीला लागून, दुसरी फुली काढली.

"माझी तिरंदाजही इथेच राहू दे. घोड्यांपाशी."

"अगं, मग तू काय खेळणार?" फ्यूज म्हणाला.

"बघते. कुणीतरी नवीन." तिने कोरा कागद पुढे ओढला. नावाच्या जागी पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं.

सूत्रधार आणि फ्यूज एकमेकांकडे बघत राहिले.

दादाच्या शेवटच्या खेळाला ती आली नव्हती, आणि तिथे काय झालं ते तिला कुणी सांगितलंही नव्हतं. कुणाची तरी कवळी तातडीने हवी होती. सूत्रधाराने तिच्या तिरंदाजला घोडे राखायला बसवलं, तसा दादा म्हणाला, "ती एकटी कशाला? मीही थांबतो," आणि त्या संध्याकाळी त्याने फासा हातात घेतलाच नाही.