मधला तुकडा

"बीरगावले? तिच्या घरी?" रामकृष्णराव दाढीचा फेस तसाच गालावर ठेवून बाहेर आले.

"हव. स्नेहलच्या पोरीचं बारसं आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे वर पाहिलंही नाही. मांडीवरच्या दुपट्याच्या शेवटच्या कडेला त्या भराभर टाके घालत होत्या. दारात ऑटो येऊन उभा होता.

त्यांच्या मुलीने, स्नेहलने, बीरगावच्या कारखान्यातल्या एका छत्तीसगढी मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून चौबे कॉलनीतल्या या घरात तिचं नाव निघत नव्हतं. निदान रामकृष्णरावांपुढे तरी नाही.

"आणि हे दुपटं?"

"पोरीसाठीच शिवलं."

रामकृष्णरावांना आधी ते खरंच वाटेना. शहर नव्या छत्तीसगढ राज्याची राजधानी झाल्यापासून त्यांना भेटायला येणारे वाढले होते आणि गेले काही महिने ते हे दुपटं प्रत्येकाला कौतुकाने दाखवत होते. सहा कोपऱ्यांचे इवले इवले तुकडे, पोस्टकार्डाच्या साच्यावर दुमडून हाताने जोडलेले. मशीनचा एक टाका नाही. आमच्या पिढ्यांचं कापड आहे, असं ते सांगत. वडिलांचं धोतर, काकांच्या रेल्वेच्या कोटाचं अस्तर, मुलाचं, स्वानंदचं झबलं आणि मधोमध त्यांच्या आईच्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा. ते लुगडं पेटीतून त्यांनीच काढून दिलं होतं. इतकं विरलेलं, की त्यातून एकच तुकडा धड निघाला. दुपटं स्वानंदच्या मुलासाठी चाललंय, असं ते धरून चालले होते. स्वानंदचं अजून लग्न व्हायचं होतं, पण त्याने काही अडत नव्हतं. ते एखादी गोष्ट धरून चालले, की घरात ती ठरलेलीच असायची.

"माह्या आईचं लुगडं त्या घरात जाणार नाही."

"लुगडं कुठं आहे? एक तुकडा आहे."

"तुकडाही नाही जाणार."

मंदाकिनीबाईंची सुई थांबली. लग्न झाल्यापासून अशा वेळी त्या गप्प बसत आल्या होत्या. आज त्यांना संताप आला, आणि आला याचं बरंही वाटलं. त्यांनी कात्री उचलून नवऱ्यापुढे धरली.

"मंग काढून घ्या. मी नाही काढत. तुमच्या हातानं उसवा."

हा माणूस कात्री धरणार नाही, असं त्यांना वाटलं होतं. त्याने धरली. गालावरचा फेस टॉवेलने पुसून रामकृष्णराव चटईवर बसले, चष्मा लावला आणि उसवू लागले. एक बाजू सुटली तसा शेजारचा तुकडा सैल झाला. दुसरी सोडवली तर तिकडचा लोंबू लागला. लुगड्याच्या तुकड्याला चहूकडून एकाच पिवळ्या कापडाच्या तुकड्यांनी धरून ठेवलं होतं.

"हे पिवळं कोणाचं?" त्यांनी चिडून विचारलं.

"स्नेहलच्या फ्रॉकचं. तुम्हीच आणला होता सीताबर्डीच्या बाजारातून. पोट्टी आजीच्या मांडीवरून उतरत नव्हती ना, म्हणून सासूबाईच्या भवती सगळे तिचेच लावले."

रामकृष्णरावांचा हात थबकला. पिवळ्या तुकड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. ते मंदाकिनीबाईंना स्पष्ट दिसलं आणि क्षणभर त्यांना नवऱ्याची दयाही आली. पण एकदा बोललेलं मागे घ्यायची रामकृष्णरावांना सवय नव्हती. उरलेल्या बाजू त्यांनी उसवल्याच. जांभळा तुकडा हातात आला आणि दुपट्याच्या मधोमध पांढरं अस्तर उघडं पडलं.

"झालं तुमचं?"

"झालं."

बाहेरून ऑटोवाल्याने हाक मारली. "दीदी, चलना है कि नहीं?"

"रुको भैया, अभी आई!"

मंदाकिनीबाई उठल्या. खुंटीवर रामकृष्णरावांचा ऑफिसला घालायचा निळा शर्ट इस्त्री करून टांगलेला होता. त्यांनी तो काढून पलंगावर पसरला, बरोबर पाठीवर पोस्टकार्डाचा साचा ठेवला आणि कात्री चालवली.

"अवं! काय करून राहिली तू?"

"पणजीले जाऊ देत नाही ना तुम्ही? मंग आजोबा जाईल."

निळा तुकडा साच्यावर दुमडून त्यांनी नखाने घड्या पाडल्या आणि साचा काढून टाकला. मग त्या उंबऱ्यावरच शिवायला बसल्या. उंबऱ्यावर बसू नये, हे त्यांनीच आजवर सगळ्यांना सांगितलं होतं. घाईत टाके मोठे पडले, एक कोपरा वाकडा आला. एरवी त्यांनी तो उसवून पुन्हा शिवला असता. आज तसाच ठेवला. सुटलेले पिवळे तुकडे नव्या तुकड्याला नीट बसले.

दुपट्याची घडी पिशवीत गेली. पायात चपला सरकवून त्या ऑटोत जाऊन बसल्या.

रामकृष्णराव बनियानवरच फाटकापर्यंत धावत आले. त्यांच्या एका हातात आईच्या लुगड्याचा तुकडा होता, दुसऱ्या हातात शर्ट. शेजारच्या गच्चीवरून दोघी-तिघी वाकून पाहत होत्या.

"मी ऑफिसले काय घालून जाऊ आता?"

"तोच घाला!" ऑटो सुरू झाला तशा मंदाकिनीबाई डोकं बाहेर काढून ओरडल्या. "समोरून तर साहेबच दिसता!"