साडेतीन तासांवरचं सासर

“साडेतीन तास म्हणाला होतात, व्याही!” तुरेश असा कडाडला, की बाहेर उभं असलेलं विमान वावभर मागं सरकलं. त्या सकाळी अक्ताऊच्या विमानतळावर हजर असलेले लोक आजही तसं शपथेवर सांगतात.

“साडेतीनच तास की,” सुनेला न्यायला आलेले काबदेन म्हणाले. “तेसुद्धा वारा समोरून असला तर.”

तुरेश उंट पाळणारा माणूस. त्याच्या वाळवंटात अंतर तासांत मोजतात, आणि तास उंटाचे असतात. साडेतीन तास म्हणजे दोन विहिरी ओलांडून तिसरीच्या अलीकडे. लेकीच्या चुलीचा धूर आपल्या अंगणातून दिसेल, इतकं जवळ. याच भरवशावर त्यानं चहाच्या अकराव्या पेल्याला या सोयरिकीला होकार दिला होता. तिच्याबरोबर द्यायची पांढरी सांडणी साज चढवून बाहेर बांधलीही होती. पोरीला वाटलं की बसावं आणि यावं. अन् इथं भिंतीवरच्या नकाशात एक लाल रेघ समुद्रकाठावरून निघून, सगळा देश कापत, पार अल्ताईच्या डोंगरात शिरत होती.

“या रेघेत विहिरी किती?” त्यानं काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

“अडीच हजार किलोमीटर आहे, काका.”

“मी विहिरी विचारल्या!”

“अहो, सांडणीवरून पन्नास दिवस लागतील,” काबदेन हसले. “म्हणून तर विमान. बसली की पोचली.”

“असं? मग उद्या तिला माहेरची आठवण झाली, तर बसली की आली का?”

काउंटरवरची मुलगी संगणकाच्या पडद्याकडे बघत पुटपुटली, “हे विमान फक्त गुरुवारी असतं.”

“ऐका! म्हणे साडेतीन तास! आठवड्यात एकदाच उगवणारे तुमचे साडेतीन तास! आणि माझ्या लेकीला शुक्रवारी रडू आलं, तर? मधले सहा दिवस काय, तुमच्या टोपीत घालून ठेवायचे?”

काबदेनचं हसू मावळलं.

“आमच्या घरात सुना रडत नाहीत,” ते ताठ आवाजात म्हणाले.

“मग तर मुळीच नेऊ नका! जिथं रडायचीसुद्धा सोय नाही, तिथं माझी पोर नांदायची नाही!” तुरेशनं सामानाच्या पट्ट्यावरून सरकत चाललेली लेकीची पेटी दोन्ही हातांनी कवटाळली. पट्टा घरघरत राहिला, पेटी जागची हलेना.

आक्मारल सकाळपासून रुमालाआड मुकी उभी होती. ती पुढं आली. बापाची बोटं तिनं पेटीवरून एकेक करून सोडवली.

“सोडा, बाबा,” ती म्हणाली. “मी बुधवारी रडत जाईन.”