मधल्या भिंतीवरची वांगी

संज्योतने ब्रश हातात घेतला आणि टेबलाकडे पाहिलं. निळं कापड जागेवर होतं, त्यावरची वांगी नव्हती.

"आत्या, इथली वांगी कुठे गेली?"

"केली ना भरली!" नवऱ्याची आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "आठवडाभर नुसती ठेवलेली. सुकत चालली होती बिचारी."

"अहो, ती बघून मी चित्र काढत होते! उद्या सकाळी टेम्पो येणार चित्रं न्यायला. मुंबईच्या प्रदर्शनात ह्याच चित्राला मधली भिंत दिलीय."

"मग मंडईतून दुसरी आण."

"दुसऱ्या वांग्यांना असे वाकडे देठ कुठून आणू?"

"देठ आहेत की कढईत," आत्या दुखावून म्हणाली. "देठ काढून कोण भरली वांगी करतं?"

संज्योत धावली. देठ खरंच तसेच होते. तिने कढईच उचलून निळ्या कापडावर आणून ठेवली, चित्रातल्या कच्च्या वांग्यांवर रंग फिरवला आणि रस्सा रंगवायला घेतला.

नवरा ताट घेऊन आला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. त्याने दाराशी बसून लोणच्याबरोबर भाकरी खाल्ली.

दिवेलागणीला चित्र पुरं झालं. संज्योतने आत्याला बोलावलं. आत्याने चष्मा लावून चित्र आधी जवळून पाहिलं, मग लांबून पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"तवंग कुठाय गं? मुंबईची माणसं बघणार. म्हणतील, आत्याने तेलाला हात आखडला."

संज्योतने कढईत वाकून पाहिलं आणि तांबड्या रंगाची ट्यूब पुन्हा उघडली.