सेनापतीचा पाचवा भाग

सेनापती अरिंजय मरतो, हे अंजनाला दुपारीच कळलं. फुला झोपली होती. सासू धोंडाबाई ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या. तेवढ्यात न राहवून तिनं कादंबरीची शेवटची पानं चाळली. मग पुस्तक मिटून उठली आणि झोपलेल्या लेकीच्या कपाळाला हात लावून बघितला. कारण काहीच नव्हतं. एकाहत्तरचा डिसेंबर होता, लढाई सुरू झाली होती, नवरा जगन सीमेवर होता. त्या दिवसांत ती कशालाही हात लावून बघायची.

ही कादंबरी घरात आणली ती जगननंच. पाच जाडजूड भाग, पानोपानी लढाया, मंत्रतंत्र, दगाफटका. सुट्टीवर आला की भोरच्या वाचनालयातून एक भाग आणायचा आणि ओसरीवर बसून आईला वाचून दाखवायचा. मांत्रिकाला नाकात बोलायला लावायचा, राणीला पदर सावरल्यासारखं हळू. सेनापती मात्र त्याच्या स्वतःच्याच आवाजात बोलायचा. अंजना पुण्याच्या कॉलेजात शिकलेली. असली पुस्तकं वसतिगृहात मुली उशीखाली लपवत, तीही लपवायची. पण हिर्डोशीच्या त्या ओसरीवर, समोर कापलेली भातखाचरं आणि मागं डोंगर, सेनापतीचा घोडा खरंच वरंध्याच्या घाटातून खाली उतरतोय असं वाटायचं. धोंडाबाई नाचणी पाखडता पाखडता मांत्रिकाला मनसोक्त शिव्या घालायच्या. पुढं काही वर्षांनी घरात ट्रान्झिस्टर आला, पण तसं ऐकणं परत कुठं झालं नाही.

चौथा भाग संपला तेव्हा सेनापतीचा दूधभाऊ सोमदत्त शत्रूला फितूर झाला होता आणि जगनची सुट्टी सरली होती. पाचवा आल्यावर वाचू, म्हणाला आणि गेला.

तो यायच्या आधी पाचवा भागच आला. एसटीचे कंडक्टर रामभाऊ घेऊन आले. धोंडाबाईंनीच सुनेला न विचारता वाचनालयाला निरोप धाडला होता.

"वाच," त्या म्हणाल्या. "त्येचं काय हुतंय ते कळाया पायजे."

त्येचं म्हणजे कुणाचं, हे अंजनाला विचारावं लागलं नाही. नवस बोलणं त्या घरानं धम्मदीक्षेपासून सोडलं होतं. काळजीला जायला दुसरी वाट नव्हती, ती त्या पुस्तकात जाऊन बसली.

मग रोज ऊन कलंडलं की वाचन. बोटाला थुंकी लावून पान उलटायची अंजनाची सवय. धोंडाबाई चिडवायच्या, कालिजात बोटं चाटायचंच शिकवलं व्हय तुला. सेनापतीचा आवाज काही अंजनाला जमायचा नाही. तो बोलायला लागला की सासू डोळे मिटून घ्यायची. ती कुणाचा आवाज ऐकते, ते अंजनाला समजायचं.

आणि आज शेवट होता. धोंडाबाई सूप घेऊन समोर बसल्या, फुला उठून मांडीवर आली. अंजनानं पुस्तक उघडलं. युद्धाची पहाट. सेनापतीच्या अंगात मंतरलेलं कवच. आणि त्या कवचाची गाठ सोमदत्तानं हळूच सैल करून ठेवलेली. पान तिथं संपत होतं. पुढच्या पानावर बाण होता.

सूप थांबलं.

अंजनानं मान वर केली नाही. पानावर डोळे रोवून ती बोलत राहिली. सोमदत्ताला ठाऊक नव्हतं, की सेनापतीच्या आईनं कवचाला आतून दुसरी गाठ मारून ठेवली होती. बाण आला, कवचावर आपटला, मोडून पडला. मग सेनापतीनं असं रण माजवलं, की खुद्द लेखकालाही सुचलं नसतं. शत्रू पळाला, सोमदत्त पायांवर लोळला, सेनापती घोड्यावर बसून घरी आला. आवाज कापू नये म्हणून तिनं फुलाला इतकं आवळून धरलं होतं, की पोर रडायला लागली. तेव्हा तिनं पुस्तक मिटलं.

 धोंडाबाईंचं सूप पुन्हा हलायला लागलं. आईनं गाठ मारली ते बेस केलं, एवढंच त्या पुटपुटल्या.

लढाई संपली. शाळेतल्या रेडिओवर बातमी आली, पोरांनी गावभर आरोळ्या ठोकल्या. जगनची मात्र खबर नव्हती. एसटी यायची, रामभाऊ तिच्या दारातूनच नाही म्हणून मान हलवायचे. पुस्तक परत द्यायचं राहिलंय, असं अंजना दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा धोंडाबाईंनी, राहू दे अजून, म्हणून ते बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवायला लावलं. जिवंत सेनापती घरात असावा असं म्हातारीला वाटत असेल, असा अंजनानं अर्थ लावला. तिलाही तसंच वाटत होतं.

माघाच्या थंडीत एकदा रामभाऊंनी मान हलवली नाही. ते नुसते हसले आणि दारातून बाजूला झाले. मागून जगन उतरला. वाळलेला, डावा हात गळ्यात अडकवलेला. फुलानं त्याला ओळखलं नाही, ती आजीच्या लुगड्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलंडलं तेव्हा ती बापाच्या मांडीवर होती. अंजनानं फळीवरचं पुस्तक काढलं. जगनच्या हाती लागायच्या आत ते रामभाऊंकडं पोचवायला हवं होतं. धोंडाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि शेजारची जागा थोपटली. बस, म्हणाल्या, शेवट परत वाच.

"वाचलाय की, आत्या. सेनापती घरी आला."

"त्या दिशी तू पान उलटलंच न्हाईस, पोरी," धोंडाबाई म्हणाल्या. "आता उलट. आता मेला तरी चालंल."